पग घोरतो, ते चालायचंच का?

प्रश्न : आमचा तीन वर्षांचा पग जातीचा कुत्रा झोपेत घोरतो, रंकाळ्यावर फिरतानाही घर्रघर्र करतो. ‘जातच तशी’ म्हणून सोडून द्यावं का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : अजिबात नाही. माणसानं केलेल्या पैदाशीत पगचं तोंड चपटं झालं, आतलं मांस मात्र तेवढंच राहिलं. नाकपुड्या चिंचोळ्या, टाळूचा मऊ पडदा घशात लोंबतो. तो आवाज म्हणजे हवेसाठीची झटापट. कुत्रं मुख्यतः धापा टाकूनच अंग गार करतं. म्हणून मेच्या उन्हात अशी कुत्री माझ्या टेबलावर बेशुद्ध येतात, फार जीव तुटतो. पहाटेच फिरवा, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा, आणि हो, वजन उतरवा. जीभ निळसर दिसली तर अंगावर पाणी ओतून तडक दवाखाना गाठा. नाकपुड्या रुंद करण्याची, पडदा छाटण्याची शस्त्रक्रिया होते. या आठवड्यातच तपासून घ्या.