उत्तर: अमेरिकन फुटबॉलला वर्ल्ड कप का नाही?

तुमचे प्रश्न थोडक्यात असे की अमेरिकन फुटबॉलमध्ये देशादेशांच्या मॅचेस का होत नाहीत, मग सुपर बोल (तिथल्या एनएफएल लीगची फायनल) जिंकणारे स्वतःला वर्ल्ड चॅम्पियन कुठल्या तोंडाने म्हणवतात, आणि रग्बीवाले हेल्मेटशिवाय खेळतात तर खरे दमदार कोण. तिसऱ्यावरून वर कमेंट्समध्ये ऑलरेडी दोघंजण एकमेकांच्या गावावर उतरलेत, त्यामुळे तो शेवटी घेतो.

मी ओहायोत वीसेक वर्षं आहे. पहिली पाच वर्षं हा खेळ मला काडीचा कळला नाही, पाच-सहा सेकंद धक्काबुक्की आणि मग अर्धा मिनिट मीटिंग, हा काय खेळ झाला असंच वाटायचं. मग पोरगा हायस्कूलला गेला. तो खेळायचा नाही, बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा, पण शुक्रवारी रात्री ग्राउंडवर पालकांच्या गळ्यात काही ना काही काम पडतंच आणि माझ्या वाट्याला साखळी आली. म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेले की नाही ते मोजायची साखळी. दोन काठ्या, मधे बरोबर दहा यार्डांची चेन, आणि चेनवर एक क्लिप, ती मैदानातल्या पाच यार्डांच्या रेषेपाशी लावून ठेवायची, म्हणजे रेफरीने मोजायला आत बोलावलं की काठी नक्की कुठे होती यावर वाद नको, क्लिप रेषेवर टेकवायची आणि चेन ताणायची. अट एकच, तोंड बंद. आपल्या शाळेने टचडाउन मारला तरी ओरडायचं नाही, कारण तेवढ्या वेळापुरते तुम्ही पंचांचे असता. तोंड बंद ठेवून कडेला उभा राहिलो तेव्हा कुठे हा खेळ कळला. बोलत बसलो असतो तर अजून कळला नसता.

आणि पहिलं डोळ्यात भरलं ते म्हणजे याला माणसं किती लागतात! साधी गावातली शाळा, पण युनिफॉर्म घालून सत्तर पोरं. अटॅकची ११ वेगळी, डिफेन्सची ११ वेगळी, किकसाठी अजून वेगळी, प्रत्येक जागेचा कोच वेगळा. एक पोरगा होता, सगळी वर्षं त्याने एकच काम केलं, किकच्या वेळी वाकून दोन पायांमधून चेंडू मागच्याच्या हातात सरळ फेकायचा. बाकी वेळ बाकावर. याला लाँग स्नॅपर म्हणतात, आणि एनएफएलच्या ५३ जणांच्या टीममध्येसुद्धा एवढ्या एका कामासाठी एक पगारी माणूस असतो.

आता हे लक्षात ठेवून बाकी खेळांकडे बघा. देशादेशांच्या स्पर्धेत रंगत कधी येते, तर छोट्याने एखाद्या दिवशी मोठ्याला पाडलं की. आणि माझं मत असं की तो दिवस उगवेल की नाही हे बरंचसं एका हिशोबावर ठरतं: त्या खेळाला एकाच वेळी किती तयार माणसं लागतात. टी-ट्वेंटीत दोन-तीन जणांचा दिवस असला की पुरतं. जून २०२४ ला डॅलसला अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं ते आठवा, दोघांचे १५९, मग सुपर ओव्हर, आणि ती टाकली कुणी तर आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने, जो ओरॅकलमध्ये इंजिनियर. (आमच्या ग्रुपवर त्या दिवशी सगळेच त्याचे शाळासोबती निघाले.) बास्केटबॉलमध्ये कोर्टवर पाचच जण, म्हणून २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जिनोबिलीच्या अर्जेंटिनाने अमेरिकेला सेमीफायनलमध्ये ८९-८१ पाडलं, आणि अमेरिका ब्राँझ घेऊन घरी आली. रग्बीत १५ च्या जागी ७ केले, २०१६ ला रिओत ते ऑलिंपिकमध्ये आणलं, आणि दहा लाखही वस्ती नसलेल्या फिजीने ब्रिटनला ४३-७ धुवून आपलं पहिलंवहिलं ऑलिंपिक मेडल नेलं, तेही थेट गोल्ड. सॉकर ११ जणांचा असूनही धक्के बसतात हे मान्य, पण तिथे एक गोल खिशात पडला की गोलकीपरपुढे भिंत बांधून बसता येतं. इथे भिंत बांधायलाच ३०० पौंडांची पाच पोरं लागतात, ती आणायची कुठून?

आता वर्ल्ड कप नाही म्हणताय, तर तो आहे, किंवा होता म्हणा. १९९९ ला इटलीत पहिला झाला आणि जपान जिंकला. २००३ ला जर्मनीत परत जपान. अमेरिका दोन्हीला आलीच नव्हती. २००७ ला जपानमध्ये कावासाकीला ती पहिल्यांदा उतरली, तीही एनएफएलचा एकही माणूस न घेता, कॉलेज संपवून नोकरीधंद्याला लागलेली पोरं गोळा करून, आणि फायनलला जपानशी २३-२०, डबल ओव्हरटाइममध्ये, कसंबसं जिंकली. माझ्या मते या खेळाची देशादेशांमधली ही एकमेव खरी मॅच. जपानमध्ये हा खेळ कॉलेजात आणि कंपन्यांच्या टीममध्ये कित्येक दशकं मुरलाय, त्यामुळे टक्कर झाली. पुढे २०११ ला व्हिएन्नात फायनल ५०-७, कॅनडाविरुद्ध, आणि २०१५ ला जपानच्याच विरुद्ध ५९-१२. ही २०१५ ची स्पर्धा आमच्याच ओहायोत, कँटनला झाली, माझ्या घरापासून दीड तासावर, आणि ती संपून गेल्यावर मला कळलं! ऑफिसात दुसऱ्या दिवशी विचारलं तर ज्यांच्या गाडीवर टीमचे स्टिकर, खोलीच्या भिंतीवर सह्या केलेली हेल्मेटं, त्यांच्यातल्या एकालाही पत्ता नव्हता. त्यानंतर पुरुषांची ती स्पर्धा झालेली नाही, नुसत्या घोषणा झाल्या आणि बारगळल्या.

दुसरं कारण लीगचं. सॉकरमध्ये फिफाचे ठरलेले दिवस असतात, क्लबला आवडो न आवडो, खेळाडू देशासाठी सोडावाच लागतो. एनएफएलच्या वर अशी कुणी संस्थाच नाही. सप्टेंबर ते फेब्रुवारी त्यांचा सीझन, आठवड्याला एक मॅच, त्यात अंगाची इतकी वाट लागते की रविवारनंतर गुरुवारी खेळायला लावलं तरी खेळाडू कुरकुरतात. मग वर्ल्ड कपसारखी दोन आठवड्यांत चार मॅचेसची स्पर्धा कोण खेळणार, आणि कोट्यवधी डॉलरचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून अटॅक चालवणारा) कुठला मालक तिथे पाठवणार? त्यापेक्षा त्यांनी लीगच बाहेर नेली. २००५ ला मेक्सिको सिटीत अझटेकावर लाखाच्या वर पब्लिक आलं, २००७ पासून लंडन, मग म्युनिक, २०२४ ला साओ पाउलो. देश नाही, दुकान बाहेर काढलं म्हणा.

म्हणून वर्ल्ड चॅम्पियनचं माझं उत्तर: फुशारकी आहे, खोटं मात्र नाही. जगात कुठलाच संघ त्यांना त्या खेळात हरवू शकत नाही. प्रॉब्लेम एवढाच की हे सिद्ध करायची कुणाला गरज वाटत नाही.

आपण हसायच्या आधी जरा कबड्डीकडे बघू. २००४ ला मुंबईत वर्ल्ड कप, २००७ ला पनवेलला, २०१६ ला अहमदाबादला, तिन्ही आपले. १९९० ला कबड्डी एशियाडमध्ये आली तेव्हापासून पुरुषांचं गोल्डही आपल्याच घरी. आपण पण जगज्जेते म्हणूनच मिरवत होतो की. मग २०१८ ला जकार्ताच्या एशियाडला इराणने सेमीफायनलला २७-१८ हरवलं, आणि बायकांच्या फायनललाही इराणच, २७-२४. इराणच्या त्या बायकांच्या टीमची कोच कोण, तर नाशिकच्या शैलजा जैन! आणि इराणचा फजल अत्राचली आपल्या यू मुंबाकडून खेळून खेळून तयार झालेला. म्हणजे लीग आपण काढली आणि त्यात तालीम मिळाली आपल्याला हरवणाऱ्यांना. बास्केटबॉलमध्ये जिनोबिलीचं तेच, तोही अमेरिकेच्याच एनबीए लीगमधल्या सॅन अँटोनिओ टीमचा. कबड्डीला मॅटवर सात लागतात म्हणून पहिल्या वर्ल्ड कपपासून चौदा वर्षांत हे जमलं. ५३ च्या खेळात ते आपल्या हयातीत जमेल असं मला वाटत नाही.

पण फ्लॅग फुटबॉलमध्ये जमतंय, आणि इथेच खरी मजा आहे. गंमत म्हणजे निर्णय आपल्या मुंबईत झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिंपिक कमिटीची बैठक तिथे होती, आणि लॉस एंजेलिस २०२८ साठी क्रिकेटसोबत फ्लॅग फुटबॉलही मंजूर झाला. आपल्याकडच्या बातम्यांत साहजिकच फक्त क्रिकेट. यात पाच विरुद्ध पाच, मैदान लहान, टॅकल (धरून पाडणं) नाही, ब्लॉक (अंगाने अडवणं) नाही, कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना रिबिनी लटकवलेल्या, रिबीन खेचली की खेळ थांबला. ३०० पौंडवाल्यांचं इथे कामच नाही.

माझी धाकटी खेळते. पहिल्या आठवड्यात ती समोरच्या पोरीच्या डोळ्यांकडे बघायची आणि दर वेळी फसायची, डोळे डावीकडे, मान डावीकडे आणि पोरगी उजवीकडून पसार. कोच ओरडायचा, कंबर बघ, कंबर खोटं बोलत नाही. मला एकदम शाळेतल्या आट्यापाट्या आठवल्या, पाटी धरणाऱ्याला आमचे सर हेच सांगायचे, फक्त अजून वाईट शब्दांत. मग घरामागे तिला अर्धा तास लंगडीच्या आणि आट्यापाट्यांच्या हुलकावण्या शिकवल्या आणि गुडघा सुजवून घेतला. पुढच्या मॅचला तिने चार रिबिनी ओढल्या. ती ओढताना पट्ट्यातून टक्क असा आवाज येतो, तो ऐकायला फार बरं वाटतं.

तर या पाच जणांच्या खेळात काय झालं? २०२२ च्या वर्ल्ड गेम्सला (ऑलिंपिकबाहेरच्या खेळांची स्पर्धा), अमेरिकेतच, अलाबामात बर्मिंगहॅमला, मेक्सिकोच्या बायकांनी अमेरिकेला फायनलमध्ये ३९-६ चोपलं. अमेरिकेच्या घरात, अमेरिकेच्या खेळात. त्यांची क्वार्टरबॅक डायना फ्लोरेस, पुढच्या वर्षी सुपर बोलच्या जाहिरातीत सगळ्या अमेरिकेला हुलकावणी देत पळताना दिसली. २०२४ ला फिनलंडमध्ये फ्लॅगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला अमेरिकेने त्यांना ३१-१८ हरवून उट्टं काढलं, पण ते वेगळं. पुरुषांत मात्र अजून अमेरिकाच, २०२४ च्या फायनलला ऑस्ट्रियाला ५३-२१. मग मे २०२५ मध्ये एनएफएलनेही ऑलिंपिकसाठी परवानगी दिली, प्रत्येक टीममधून एका देशाला जास्तीत जास्त एक खेळाडू. त्यावर फ्लॅगवाले आधीपासूनच भडकलेले आहेत, त्यांचा क्वार्टरबॅक डॅरेल डूसेट म्हणाला की आम्ही इतकी वर्षं घाम गाळला आणि हे लोक आयते येऊन जागा घेणार असं धरून चालणं अपमान आहे. मला त्याचं पटतं. टॅकल खेळणारा हाताने धक्का द्यायच्या सवयीचा, इथे धक्का दिला की पेनल्टी.

राहिला रग्बीचा प्रश्न. दोन्हीकडे मार सारखाच, जात वेगळी. रग्बीत हाताने मिठी मारून पाडावं लागतं, मानेच्या वर गेलात तर पेनल्टी नाहीतर कार्ड, आणि ८० मिनिटं पळायचं. इथे पळणं कमी, पण प्रत्येक वेळी समोरून गाडी ठोकल्यासारखं. हेल्मेट नाजूकपणाचं नाही, उलट हेल्मेट आहे म्हणून लोक डोकं पुढे घालतात. आणि एकमेकांत जाऊन काय होतं तेही बघितलंय आपण. वेल्सचा रीस-झॅमिट २०२४ ला एनएफएलला आला, वारा पिऊन पळणारा गडी, पण सीझनची एकही मॅच न खेळता परत रग्बीला गेला. उलट ऑस्ट्रेलियाचा जॉर्डन मेलाटा, ‘रग्बी लीग’ या तेरा जणांच्या रग्बीतला, २०१८ ला आला तेव्हा एकही फुटबॉल मॅच खेळलेला नव्हता, आणि फेब्रुवारी २०२५ ला ईगल्स टीमकडून सुपर बोल जिंकला. तो सहा फूट आठ इंच आहे आणि त्याला एकच काम शिकायचं होतं, ही सोय या खेळात आहे. आणि हो, ऑलिंपिकमध्ये १५ जणांच्या रग्बीचं शेवटचं गोल्ड कुणाचं माहितीय? १९२४, पॅरिस, फ्रान्सला १७-३ हरवून, अमेरिका. गावावर उतरलेल्या दोघांनी हे वाचून मग पुढे भांडावं.

२०२८ साठी माझा अंदाज विचाराल तर पुरुषांचं अमेरिका, बायकांचं मेक्सिको. धाकटीशी पैज लावलीय, ती अमेरिकेच्या बाजूने आहे आणि ती हरली तर महिनाभर भांडी तिची.