टॅक्स आपला, विमान कंपनीचं?

प्रश्न : बेंगळुरूच्या एनएएलने (नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज) बनवलेलं 'हंसा' हे पायलट शिकवायचं ट्रेनर विमान आता मुंबईची एक खाजगी कंपनी बनवणार असं वाचलं. संशोधन आपल्या टॅक्सवर आणि नफा कंपनीचा, हे कसं काय? – एक वाचक, नाशिक

राग कळतो, पण आधी हे बघा की एनएएल ही सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेची लॅब आहे, कारखाना नाही. डिझाइन करायचं, नमुना उडवून बघायचा, डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या सर्टिफिकेटपर्यंत न्यायचं, इतपत तिचा आवाका. पुढे दरमहा विमानं काढायची, स्पेअर पार्ट ठेवायचे, चाक वाकलं म्हणून कुठल्या क्लबचा फोन आला की मेकॅनिक पाठवायचा, हे लॅबने करायचं म्हटलं तर संशोधन कोण करणार?

आणि पूर्वी काय झालं ते बघा ना. पहिलं हंसा 1993 मध्ये उडालं, हंसा-3 ला 2000 मध्ये सर्टिफिकेट मिळालं, थोडीफार विमानं फ्लाइंग क्लबांना गेली आणि गाडी तिथेच अडकली, आपली पोरं सेसना आणि डायमंड या परदेशी विमानांवरच शिकत राहिली. म्हणजे पैसे खर्च झाले, विमान चांगलं झालं, पण पायलटांच्या कामी फारसं आलंच नाही, मला विचाराल तर टॅक्सचा खरा तोटा हा. नवीन हंसा-एनजी सप्टेंबर 2021 मध्ये पहिल्यांदा उडालं, दोन सीटचं, रोटॅक्स इंजिन, समोर घड्याळांऐवजी स्क्रीन, आणि 2025 मध्ये त्याच्या उत्पादनासाठी पायोनियर क्लीन अ‍ॅम्प्स ही कंपनी पुढे आली.

दुसरं उदाहरण तर याच लॅबचं, 'दृष्टी'. धुक्यात रनवेवर किती मीटरपर्यंत दिसतंय ते सांगणारं यंत्र. रनवेच्या कडेला दोन खांब, एकावरून प्रकाश सोडायचा, दुसऱ्यावर किती पोचला ते मोजायचं, जेवढा मधे हरवला तेवढं धुकं. दिल्लीत कॅट-3बी म्हणजे दाट धुक्यातल्या, यंत्रांच्या भरवशावरच्या लँडिंगला 50 मीटर दिसत असलं तरी चालतं, पण ते 50 आहे की 40 हे कोणीतरी ठामपणे सांगायला नको का? ही यंत्रं आधी बाहेरून महाग आणावी लागायची. एनएएलने बनवलं, हवामान खातं सोबत होतं, तंत्रज्ञान टाटा पॉवरच्या संरक्षण विभागाकडे गेलं, आणि आज ती देशातल्या बऱ्याच विमानतळांवर उभी आहेत.

तेव्हा कंपनीला दिलं म्हणून चिडू नका, कुठल्या अटींवर दिलं ते विचारा. लायसन्स एकटीलाच की आणखी कोणालाही? ठरल्या मुदतीत विमान नाही काढलं तर परत घेणार का? आणि लॅबची माणसं सोबत जाणार की नुसत्या ड्रॉइंगच्या फाइली? कारण फाइलीत सगळं नसतं हो, कंपोझिटचा (फायबर आणि रेझिनचा) थर ओव्हनमधे टाकण्याआधी हाताला कसा लागला पाहिजे हे ज्याने वर्षानुवर्षं केलंय त्यालाच माहीत असतं.

प्रश्न : विमानाच्या पंखाचं टोक वर वळलेलं असतं ते कशासाठी? – एक विद्यार्थिनी, सांगली

त्याला विंगलेट म्हणतात, आणि बरं झालं विचारलंस, वरच्याच विषयातलं आहे. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकावरून वर पळते, तिथे भोवरा होतो, आणि त्याच्यापायी फुकट इंधन जळतं. 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत सगळेच इंधन वाचवायच्या मागे लागले होते, तेव्हा नासाच्या लँगली सेंटरमधल्या रिचर्ड व्हिटकोम्ब यांनी विंड टनेलमध्ये हे टोक नीट बसवून दाखवलं. मग 1979-80 मध्ये तिथल्या हवाई दलाच्या केसी-135 टँकरला (हवेतच दुसऱ्या विमानांत इंधन भरणारं विमान) लावून उडवून बघितलं. निकाल कपाटात न ठेवता छापले, कंपन्यांनी उचलले. छोटी जेट विमानं बनवणारी लिअरजेट कंपनी तर त्याच्याही आधी, 1977 मध्येच विंगलेट लावून मोकळी झाली होती.

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं सीएनसी वर्कशॉप आहे. विमान-संरक्षणाच्या या कामात आम्हाला काही जागा आहे का, की सगळं टाटा-एल अँड टी? – एक उद्योजक

आहे. डीआरडीओची टीडीएफ योजना बघा, टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंड. खास करून एमएसएमई (छोटे-मध्यम उद्योग) आणि स्टार्टअप डोळ्यांसमोर ठेवून आहे, प्रकल्प 50 कोटींपर्यंतचा, त्यातला 90 टक्क्यांपर्यंत खर्च अनुदान म्हणून मिळू शकतो, कर्ज नाही. अट म्हणजे कंपनी भारतीयांच्या मालकीची हवी, आणि जे बनेल त्याचा हक्क तुमचा आणि डीआरडीओचा मिळून, हे करारावर सही करायच्या आधी घरी बसून नीट वाचा, कारण उद्या बाहेर विकायला निघालात की तिथेच अडतं. पैसेही एकदम येत नाहीत, टप्पा पूर्ण झाला की पुढचा हप्ता, तेव्हा मधल्या महिन्यांचे पगार आणि लाइटबिल कुठून भागवायचं ते बँकेशी बोलून ठेवा. डीआरडीओची पेटंटं भारतीय उद्योगांना मोफत खुली आहेत, ती यादी आधी चाळा, तुमच्या मशीनवर होईल असं एखादं निघालं तर सुरुवात तिथून करा.