‘आई, मी काय करू?’

प्रश्न : ताई नमस्कार, माझी मुलगी दहा वर्षांची आणि मुलगा सहाचा. सुट्टी लागून दहा दिवस पण झाले नाहीत आणि मी आत्ताच गळून गेलेय. सकाळी उठल्यापासून दोघांचं एकच, आई मी काय करू, आई बोअर होतंय. युट्यूब बघून क्राफ्ट केलं तर ते वीस मिनिटांत संपतं आणि पसारा आवरायला मला तास लागतो. समर कॅम्पची फी दोघांची मिळून परवडत नाही. नवऱ्याचं म्हणणं, तू घरीच असतेस ना, मग मजा करा की! व्हॉट्सॲपवर सगळ्यांचे काश्मीरचे स्टेटस. मला पण मुलांबरोबर सुट्टी एन्जॉय करायचीये हो, पण संध्याकाळपर्यंत माझा आवाजच चढलेला असतो. काय करू?
— दोन पोरांची आई, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : अगं, तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य बघ, ‘काय करू?’ म्हणजे मुलांचाच प्रश्न तू मला पाठवलास! (रागावू नकोस, मला वाचताना हसू आलं म्हणून सांगितलं.)

मला वाटतं तू स्वतःला समर कॅम्पची बाई करून घेतलंयस, तिकडे फी तरी मिळते. मुलांसाठी रोज काहीतरी ‘ठेवायचं’ हे डोक्यातून काढ. त्याऐवजी तुला स्वतःला ज्यात मजा येते अशा एक-दोनच गोष्टी धर आणि त्यात मुलांना ओढ. क्राफ्ट तुला आवडतं का खरंच? नसेल आवडत तर बंद, उद्यापासून.

माझ्याकडे हे पत्त्यांनी झालं. पाच-तीन-दोन आठवतंय ना? तिघांचा डाव, म्हणजे तू, लेक आणि शेजारचं कुणीतरी. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची पानं आणि सत्त्या फक्त दोन, बदाम आणि इस्पिकची, अशी तीस पानं, प्रत्येकाला दहा. पिसणाऱ्याने दोन हात करायचे, हुकूम बोलणाऱ्याने पाच, उरलेल्याने तीन. ज्याचे हात कमी पडले त्याच्याकडून पुढच्या डावात पानं ओढायची, आणि ही ओढाओढीच खरी गंमत, कारण तुझा हुकमाचा एक्का लेकीने ओढून नेला की तिच्या चेहऱ्यावर जे काही दिसतं ना ते कुठल्याच कॅम्पमध्ये मिळत नाही. फक्त मुद्दाम हरू नकोस. मुलांना लगेच कळतं आणि मग खेळ मेला समज. सहा वर्षांच्या पठ्ठ्याला बदाम सात शिकव, त्याला आकडे लावायचेत एवढंच, दोन दिवसांत तो पानं दाबून ठेवायला पण शिकेल.

दुसरं म्हणजे वाळवण. थांब, पान उलटू नकोस, मी कुरडया घाल म्हणत नाहीये. तीन दिवस गहू भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, गाळा, चीक रात्रभर निवळत ठेवा, फ्लॅटमध्ये तो आंबूस वास आणि सकाळी चीक घोटताना गाठी झाल्या की रडू, हे सगळं माझ्या आईने केलं, मी एकदाच केलं. तू साबुदाण्याच्या पळीपापड्या कर. रात्री साबुदाणा भिजत घाल, सकाळी वाटीला पाच-सहा वाट्या पाणी, मीठ, जिरं घालून पारदर्शक होईपर्यंत शिजव. आणि मग पळी मुलांच्या हातात दे. गच्चीवर नाहीतर बाल्कनीत प्लॅस्टिकचा कागद, त्यावर एकेक पळी. उकळतं मिश्रण नको, कोमट झाल्यावर दे, एवढी काळजी घे. मुलाच्या पापड्या भारताच्या नकाशासारख्या होतील, होऊ देत. दुपारी त्याला कावळ्यांची राखण दे आणि अर्धवट वाळलेल्या, मधे अजून चिकट असलेल्या पापड्या तो गुपचूप खाईल तेव्हा तिकडे बघू नकोस. आम्ही पण हेच करायचो, आईच्या पन्नास पापड्यांतल्या डब्यात चाळीसच जायच्या आणि ती म्हणायची यंदा कावळे फार झालेत.

आणि तू पुण्यातली आहेस म्हणून एक खास. 13-14 मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. मुंबईत दोनेक दिवसांनी, नागपुरात 26च्या आसपास. सूर्य उत्तरेकडे सरकत सरकत आपल्या अक्षांशावर येतो म्हणून हे होतं, आणि कर्कवृत्ताच्या वर तो कधी जातच नाही त्यामुळे दिल्लीवाल्यांना ही मजा नाहीच, हे लेकीला सांग, तिला भारी वाटेल. जुलैअखेरीस हाच योग परत येतो पण तेव्हा आपल्याकडे ढग. मला स्वतःला हे पस्तिशी उलटल्यावर कळलं! आम्ही गच्चीवर स्टीलचा डबा उभा ठेवला होता, सव्वाबारापासून सावली आखडत आखडत आली आणि मग डब्याभोवती नुसती एक बारीक काळी रेघ, धाकटा डब्याभोवती गोल फिरून विचारतोय की सावली कुणी घेतली. चपला मात्र घालून जा, आम्ही एका पायावर नाचत होतो.

बाकी वेळ ‘बोअर होतंय’ म्हणाले तर म्हणू देत. उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. अर्धा तास लोळतील, भांडतील, मग सोफ्याच्या उशांचा किल्ला करतील. आणि दुपारी दोन ते तीन आईचा तास, दार लोटून पंख्याखाली आडवं व्हायचं, रक्त आलं तरच हाक मारायची असा नियम लाव. नवऱ्याला म्हणावं एका रविवारी दिवसभर तूच ‘मजा कर’, मी मैत्रिणीकडे चाललेय. हे गमतीत नाही, खरंच जा.

प्रश्न : आमच्याकडे नागपूरला सकाळी दहानंतर बाहेर पाय ठेवता येत नाही, त्यात विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. मुलं दिवसभर कूलरसमोर मोबाइल घेऊन. कसं काढायचं एवढे दिवस?
— एक आई, नागपूर

उत्तर : तुमच्या उन्हाशी भांडून उपयोग नाही बाई, दिवसच उलटा करा. पहाटे सायकल आणि क्रिकेट, दुपारी झोप, आणि खरी सुट्टी रात्री. मोबाइल दुपारी तासभर द्यायचा तर द्या, पण वेळ ठरलेली आणि तुमचाही फोन तेव्हा बाजूला ठेवा, नाहीतर मुलं तुमच्याकडेच बोट दाखवतात.

संध्याकाळी गच्चीवर मुलांकडून बादलीभर पाणी मारून घ्या, ते काम त्यांना सांगावं लागत नाही. नऊच्या सुमारास गाद्या टाका. मे महिन्यात तेव्हा उत्तरेला सप्तर्षी चांगले वर असतात, त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी स्वाती, अजून पुढे गेलं की चित्रा. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून अरुंधती, ती कुणाला आधी दिसते यावर आमच्याकडे पैज लागते आणि चष्मेवाले मोठे हमखास हरतात. मच्छरदाणी मात्र विसरू नका, आम्ही पहिल्या रात्री विसरलो आणि दोन वाजता सगळी वरात गाद्या डोक्यावर घेऊन खाली.