बॅकअप चालू झाला की सर्व्हर रीस्टार्ट का होतो?

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात तीन सर्व्हरचं प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) क्लस्टर आहे, एचए (एक सर्व्हर पडला तर त्याचं काम आपोआप दुसऱ्यावर नेणारी सोय) चालू ठेवून. रात्री बॅकअप लागला की वजनकाट्याचं सॉफ्टवेअर अडखळतं आणि अधूनमधून एखादा सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होतो. वीज, रॅम तपासून झालं. प्रत्येक सर्व्हरला १ गिगाबिटचे चार पोर्ट आहेत, वापरात एकच. विक्रेता १० गिगाबिटचा स्विच घ्या म्हणतो. घ्यावा का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : कोटेशन तूर्त बाजूला ठेवा. चारांपैकी तीन पोर्ट रिकामे असताना नवा स्विच कशाला?

सर्व्हर बिघडलेला नाही, तो नियमानुसार वागतोय. तिन्ही सर्व्हर कोरोसिंक या क्लस्टरच्या निरोप्या सॉफ्टवेअरमार्फत सतत एकमेकांची हजेरी घेतात. हे निरोप चिमूटभर असतात, पण वेळेवर लागतात. ५ मिलिसेकंदांच्या आत पोचावेत अशी अपेक्षा असते. त्याच तारेवर बॅकअप सुटला की निरोप रांगेत अडकतात. मग एखाद्या सर्व्हरला वाटतं, आपण एकटे पडलो. एचए चालू असल्यामुळे साधारण मिनिटभरात वॉचडॉग, म्हणजे आतला पहारेकरी, त्याला रीस्टार्ट करतो. कोरोसिंकच्या लॉगमध्ये नेमक्या त्या वेळी ‘लिंक डाउन’ दिसतंय का, पाहा.

दुसरा पोर्ट फक्त कोरोसिंकला द्या. साधा गिगाबिट स्विच आणि वेगळा आयपी सबनेट (पत्त्यांचा स्वतंत्र गट) पुरे. जुनी तार दुसरी लिंक म्हणून राहू द्या. कोरोसिंकची फाइल बदलताना त्यातला कॉन्फिग व्हर्जनचा आकडा वाढवायला विसरू नका, आणि हे काम एचए थांबवूनच करा. नुसता व्हीलॅन (त्याच तारेवरचं आभासी वेगळं नेटवर्क) वेगळा करून भागत नाही, तार तीच राहते.

तिसरा पोर्ट बॅकअपला. गाळप हंगामात काटा रात्रभर चालतो, तेव्हा बॅकअपसाठी मोकळी वेळ शोधण्यात अर्थ नाही. तार ओढून होईपर्यंत बॅकअपला बीडब्ल्यूलिमिट, म्हणजे वेगाची मर्यादा, लावा. तो किबीबाइटमध्ये (१०२४ बाइट) असतो. ५१२०० लिहिलं की सेकंदाला ५० मेगाबाइट, म्हणजे तारेची निम्म्याहून कमी क्षमता. व्हीएमच्या नेटवर्क कार्डावरचा रेट लिमिट मात्र मेगाबाइटमध्ये! तिथे मेगाबिट समजून १०० लिहिणारे पुष्कळ, आणि मग मर्यादा लागतच नाही म्हणून कुरकुरणारेही तेच.

एवढं करूनही काटा अडखळला, तर बॅकअपची डिस्क संथ असेल. बॅकअप चालू असताना व्हीएमला नवं लिहायचं असेल, तर त्या जागेवरचा जुना मजकूर आधी बॅकअपमध्ये जावा लागतो. प्रॉक्समॉक्सच्या आवृत्ती ८.२ पासून यावर फ्लीसिंगचा पर्याय आहे, म्हणजे तो जुना मजकूर आधी एखाद्या वेगवान डिस्कवर तात्पुरता ठेवायचा. तो वजनकाट्याच्या व्हीएमला लावून पाहा.