नेटवर्क प्रोसेसरमध्ये कोणते काम हार्डवेअरला द्यावे आणि कोणते सॉफ्टवेअरकडे ठेवावे?

आपल्या प्रश्नाचे उत्तर मी कामांच्या यादीपासून सुरू करणार नाही. नेटवर्क प्रोसेसर म्हणजे राउटरसारख्या उपकरणात पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, हाताळणारी चिप; म्हणून आधी एका पॅकेटच्या वाट्याला किती वेळ येतो ते मोजावे. १० गिगाबिट इथरनेटवरील सर्वांत लहान फ्रेम (पॅकेटचे तारेवरील रूप) ६४ बाइटची असली, तरी प्रीअँबल (फ्रेमची चाहूल देणारे आधीचे बिट) आणि दोन फ्रेममधील सक्तीचे अंतर धरून ती तारेवर ८४ बाइटची जागा अडवते. म्हणजे सेकंदाला सुमारे १ कोटी ४९ लाख पॅकेट येऊ शकतात आणि प्रत्येकाला ६७.२ नॅनोसेकंद मिळतात. चिपबाहेरच्या डीरॅम या मेमरीमधून एकदा वाचायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि राउटिंग टेबल (कोणता पत्ता कोणत्या वाटेने याची यादी), फ्लोची (एकाच संवादातील पॅकेटांच्या मालिकेची) नोंद, रांगेची स्थिती अशी वाचने एका पॅकेटसाठी अनेक करावी लागतात.

इंटेलच्या १९९९ मधील आयएक्सपी१२०० या चिपची रचना याच अडचणीतून समजते. तिच्यात सहा मायक्रोइंजिने, म्हणजे छोटे प्रोसेसर, होती आणि प्रत्येकात चार हार्डवेअर थ्रेड, म्हणजे आळीपाळीने चालणारी स्वतंत्र कामे. एक थ्रेड मेमरीकडे मागणी नोंदवून बाजूला होई आणि दुसरा लगेच काम हाती घेई. प्रत्येक थ्रेडचे रजिस्टर (चालू आकडे ठेवण्याची प्रोसेसरमधील जागा) वेगळे असल्याने ही अदलाबदल जवळपास फुकट पडे. एका पॅकेटला लागणारा वेळ त्यामुळे कमी होत नाही, पण इंजिन रिकामे बसत नाही. राउटिंग प्रोटोकॉल आणि अपवादात्मक पॅकेट यांच्यासाठी शेजारी स्ट्राँगआर्म हा सर्वसाधारण प्रोसेसर कोर होता.

विद्यार्थिदशेत सिम्युलेटरवर काम करताना मी आयपी हेडरच्या (पॅकेटच्या पत्ते असलेल्या सुरुवातीच्या भागाच्या) चेकसमसाठी, म्हणजे चूक पकडणाऱ्या बेरजेसाठी, हौसेने वेगळे सर्किट बसवले होते. वेगात फरक जवळजवळ पडला नाही. टीटीएल (पॅकेट आणखी किती राउटर ओलांडू शकते याचा हेडरमधील आकडा) एकाने कमी झाल्यावर सगळा चेकसम पुन्हा काढावा लागत नाही, जुन्याच किमतीत दुरुस्ती करता येते आणि ती चार-सहा सूचनांत होते, हे मला तेव्हा सुचले नव्हते. खरा वेळ टेबल शोधण्यात जात होता. हार्डवेअरकडे द्यायचे ते असे शोधकाम, हॅश (माहितीवरून छोटा आकडा काढणे), सीआरसी (फ्रेममधील चूक पकडणारा आकडा), कूटलेखन आणि रांगांचे व्यवस्थापन. राउटिंग टेबलमध्ये पत्त्याशी सर्वांत लांब जुळणारा उपसर्ग शोधण्यासाठी टीकॅम (सगळ्या नोंदी एकाच वेळी तपासणारी मेमरी) अतिशय वेगवान असते, पण ती वीज खाते आणि महागही पडते, म्हणून मोठ्या टेबलांसाठी ट्राय (पत्त्याच्या बिटांनुसार फुटत जाणारी झाडासारखी रचना) आणि थोडी जलद एसरॅम मेमरी हा पर्यायही तपासावा. हेडरचे अर्थ लावणे, धोरणे आणि नवे प्रोटोकॉल मात्र सॉफ्टवेअरमध्येच ठेवावेत, कारण चिप तयार झाल्यानंतरही ते बदलत राहतात.

एक गोष्ट नवशिक्यांकडून हमखास सुटते, ती म्हणजे क्रम. अनेक थ्रेड समांतर चालले की एकाच फ्लोमधील पॅकेट मागेपुढे होतात, आणि त्यामुळे टीसीपी (माहिती क्रमाने पोहोचवणारा प्रोटोकॉल) पॅकेट हरवले असे समजून विनाकारण पुनर्प्रेषण करू लागतो. यासाठी सॉफ्टवेअरमधील लॉकवर (एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणाऱ्या कुलपावर) विसंबू नये. फ्लोच्या हॅशनुसार पॅकेट ठरावीक इंजिनाकडे पाठवावेत, किंवा बाहेर पडताना क्रमांकानुसार लावणारे हार्डवेअर ठेवावे. पहिल्या मार्गात एखादा मोठा फ्लो एकाच इंजिनावर सगळा भार टाकतो, म्हणून मी दुसरा निवडेन.