शिळावर्तुळांच्या माळावर एक रात्र

प्रिय दोस्ता,

नागपूरजवळ, काटोल रस्त्यालगतच्या जुनापाणीची शिळावर्तुळं बघायला पायी जायचं आणि रात्रही उघड्यावर काढायची, हा तुझा बेत मनापासून आवडला. या दोन गोष्टी एकत्रच करायच्या असतात, आणि त्याचं कारण आहे उजेड. नागपूरहून दुचाकीवर अकराला पोचणाऱ्याला माळावर विखुरलेले काळे दगड दिसतात. फोटो काढून तो एकला परत निघतो. तेच दगड संध्याकाळी उन्हं कलल्यावर किंवा सकाळी सूर्य वर येताच पाहिले, की प्रत्येकाची सावली लांब पडते आणि वर्तुळ अख्खं उठून दिसतं. जवळपास मुक्काम असेल तर या दोन्ही वेळा तुला मिळतात.

थोडी पूर्वतयारी करून जा. ही वर्तुळं म्हणजे जुन्या दफनांभोवती मांडलेले दगड. विदर्भातली ही दफनं लोहयुगातली आहेत, ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते ३०० या काळातली. जुनापाणीला अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं नोंदलेली आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६०च्या दशकात इथे खणलं आणि दगडांवरच्या खळग्यांबद्दल १८७९ साली लिहिलं. पुढे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बी. के. थापर यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. माणसाच्या अस्थी, काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी आणि खंजीर हा अशा दफनांतला नेहमीचा ऐवज. काटोल रस्त्याच्याच बाजूला असलेल्या माहुरझरीत तर घोडेही पुरलेले सापडले, डोक्यावरच्या तांब्याच्या दागिन्यांसकट.

माळावर पोचलास की लगेच वर्तुळाच्या आत शिरू नकोस. आधी बाहेरून एक फेरी मार. कडेचे मोठे दगड मोज आणि कुठे खिंडार आहे ते पाहा. आतला भाग बहुधा थोडा उंचवट्यासारखा असतो, कारण दफनावर माती आणि दगडगोट्यांचा भराव घातलेला असतो. मध्यभागी खड्डा दिसला तर तो जुन्या उत्खननाचा असेल, नाहीतर गुप्तधनाच्या मागे लागलेल्यांचा. मग ३० मीटरची टेप काढून व्यास दोन दिशांनी घे, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. एकाच मापावर विसंबू नकोस; दगड कलंडलेले, सरकलेले असतात, त्यामुळे वर्तुळ क्वचितच नेमकं गोल भरतं. वहीत कच्चा आराखडा काढून प्रत्येक दगडाला नंबर दे. फोटो शंभर काढलेस तरी आराखडा काढताना जे लक्षात येतं ते फोटोत सापडत नाही.

खळग्यांवर मात्र वेळ काढ. काही दगडांवर माणसाने कोरलेले लहान गोल खळगे आहेत, कपमार्क म्हणतात त्यांना. नवखा माणूस इथेच फसतो, कारण आपला काळा पाषाण लाव्हाचा आहे आणि त्यात वायूच्या बुडबुड्यांची छिद्रं मुळातच असतात. फरक असा ओळखायचा: नैसर्गिक छिद्रं लहान-मोठी, वेडीवाकडी, कुठेही पसरलेली असतात. कोरलेले खळगे साधारण एका मापाचे, तळाशी गोलसर आणि बहुतेक वेळा ओळीत असतात, कधी दोन ओळी शेजारी-शेजारी. भर उन्हात ते दिसतच नाहीत. उन्हं तिरपी होईपर्यंत थांब, किंवा जोडीदाराला जाड चादर धरून सावली करायला सांग आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाक. खळग्याची एक कड उजळते, दुसरी अंधारात जाते आणि ओळ लख्ख दिसते. ठसठशीत दिसावेत म्हणून खडू घासणं, तेल किंवा पाणी लावणं, कोळशाने रेघ ओढणं, यातलं काहीही करायचं नाही. खडू छिद्रांत अडकला की पुढच्या अभ्यासकाला खरी कड कळत नाही.

या ठिकाणचा एकही दगड हलवायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. दगड स्वतः साधाच आहे. तो कुठे आहे, शेजारच्यापासून किती अंतरावर आहे, कुठल्या अंगाला कललाय, एवढीच त्याची माहिती, आणि तो उचलला की ती गेली. वाईट हेतूने दगड हलवणारे थोडेच. बरेचसे दगड चुलीसाठी, बसायला किंवा तंबूची दोरी ताणायला हलतात. म्हणून मुक्काम असा आख, की दगडाची गरजच पडणार नाही.

जुनापाणी संरक्षित जागा आहे. तिथे सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात जायचं. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तंबू निदान अर्धा किलोमीटर लांब, कुणाच्या तरी वावरात, मालकाला विचारून लाव. दिवस मावळल्यावर विचारायला जाऊ नकोस. दुपारीच गावात जा, कोण आहात, किती जण, कुठे झोपणार हे सांग, आणि पोलीस पाटलाच्याही कानावर घाल. रात्री अनोळखी उजेड दिसला की गावाला शंका येते, आणि या भागात गुप्तधनवाल्यांमुळे ती शंका रास्त आहे.

जागा निवडताना नाल्याचं पात्र टाळ, वाळक्या फांद्यांखालची जागाही टाळ. काळ्या मातीत भेगा असतात, खुंटी धरत नाही. मुरमाड जमीन बरी, पण तंबूसोबत येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या मुरमात वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून सात-आठ इंची जाड लोखंडी खिळे आणि एक हातोडी घे. तेही जात नसतील तर रिकामी पोती सोबत असू देत. वावरातली माती भरून दोऱ्या त्यांना बांध आणि निघताना माती तिथेच ओत.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. त्याआधी गवत कमरेएवढं असतं, त्यात दगड लपतात आणि सापही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो, आणि थंडी वरून जेवढी लागते त्याहून जास्त जमिनीतून लागते. दोन ब्लँकेटं अंगावर घेणाऱ्यापेक्षा एक अंगाखाली अंथरणारा उबेत झोपतो. फोमची चटई असेल तर उत्तमच. तंबूची झरोक्याची पट्टी थोडी उघडी ठेव, नाहीतर श्वासाची वाफ आतून थेंबाथेंबाने गळते. चेन मात्र पूर्ण लावायची. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तो चावा बरेचदा दुखत नाही की खूणही उमटत नाही. रात्रीत किंवा पहाटे कुणाच्या पोटात विनाकारण दुखायला लागलं, पापण्या जड होऊ लागल्या, तर वाट न बघता १०८ला फोन कर किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठ.

आता जेवण. विदर्भात उघड्यावर रात्र काढायची आणि रोडगे करायचे नाहीत, हे मला पटणार नाही. आणि रोडग्यांना चूल लागत नाही, म्हणजे तीन दगडही लागत नाहीत! चौघांसाठी एक किलो जाडसर दळलेली कणीक घे. त्यात मीठ, ओवा आणि अर्धी वाटी तेलाचं मोहन घालून घट्ट मळ. छोट्या पुऱ्या लाटून मध्ये तेल लावत तीन-चार एकावर एक ठेव, शेवटच्या पुरीत गुंडाळून गोळा वळ. गावातून पंचवीस-तीस गोवऱ्या विकत घे. आधी दोन-तीन मीटरपर्यंतचं गवत मातीपर्यंत काढ, दहा लिटर पाणी हाताशी ठेव आणि मगच पेटव. घाई करणाऱ्याचे रोडगे बिघडतात: ज्वाळा असताना टाकले तर वरून कोळसा, आतून कच्चे. धूर थांबून गोवऱ्यांवर पांढरी राख आली की गोळे विस्तवात ठेव, उलटत राहा, मग गरम राखेने झाकून टाक. अर्धा-पाऊण तास लागतो. पीठ सैल असेल तर गोळा पसरतो आणि राख आत शिरते. तडकलेला रोडगा फडक्यात धरून झटकायचा, फोडायचा, तुपात बुडवायचा. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. बाहेर गारठा आणि हातात ती वाफ, हे सुख घरच्या जेवणाच्या टेबलावर मिळत नाही. जेवणं झाली की विस्तवावर पाणी ओत, काडीने ढवळ आणि पुन्हा ओत. गोवरीचा निखारा राखेखाली सकाळपर्यंत जिवंत राहतो आणि वाळलेला माळ पेटायला तेवढा पुरतो.

पाणी माणशी चार-पाच लिटर धर. घोट्यावर येणारे बूट आणि गुळगुळीत कापडाची पँट घाल. लोकरी मोज्यांत कुसळं घुसली की काढता काढत नाहीत आणि चालणं नकोसं होतं.

चालताना नवी वर्तुळं शोधायची हौस असेल तर काळ्या जमिनीत वेळ घालवू नकोस. वस्ती नदीकाठी, सुपीक मातीत असायची, आणि दफनं बहुधा पिकाला निरुपयोगी अशा मुरमाड, खडकाळ चढावर. निघण्याआधी एप्रिल-मे महिन्यांतली उपग्रहचित्रं बघ, तेव्हा गवत नसतं. वाटेत खापर किंवा लोखंडाचा तुकडा वर पडलेला दिसला तर शेजारी पट्टी ठेवून फोटो घे, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपून ठेव आणि वस्तू तिथेच राहू दे. अख्खं वर्तुळ नोंदीबाहेरचं वाटलं, किंवा कुठे मुरूम खणताना वर्तुळं तुटताना दिसली, तर फोटो, आराखडा, गावाचं नाव आणि गट नंबर असं सगळं जोडून पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला लेखी कळव आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना दे. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

पुढच्या खेपेला पेंच नदीकाठच्या नायकुंडला जा. तिथे लोखंड गाळायची प्राचीन भट्टी सापडली होती, त्यामुळे दफनांत ठेवलेल्या कुऱ्हाडी-खंजिरांमागचं काम तिथे समजतं. त्या बाजूला जंगल जवळ आहे. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि हद्दीबाहेरही रानालगत तंबू लावू नकोस. गावातल्या शाळेचा किंवा देवळाचा ओटा मागून घे.

तुझा,
काका