फिल्टर काढला की मी वेगळीच दिसते : वाचकांचे प्रश्न

या वेळी फोटो रिटचिंगवर प्रश्न मागवले होते आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला, त्यातले बरेचसे सारखेच होते म्हणून एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे. फिल्टर लावल्याशिवाय एकही फोटो कुणाला पाठवत नाही. आम्ही साधा फोटो काढला तर "ई, ही मी नाहीच" म्हणून डिलीट करते. तू छान दिसतेस असं सांगितलं की उलट चिडते. हे वयाचं आहे का काळजी करायला हवी?

थोडं वयाचं आहे, थोडं डोळ्यांचं आणि थोडं चक्क लेन्सचं. लेन्सपासून सुरुवात करते कारण ते मुलांना पटकन पटतं. सेल्फी काढताना फोन चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर असतो, म्हणजे नाक लेन्सच्या अगदी जवळ आणि कान त्या मानाने बरेच मागे, त्यामुळे नाक मोठं आणि बाकी चेहरा चेपल्यासारखा येतो. २०१८ मध्ये जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी या जर्नलमध्ये याचं गणित मांडलं होतं, १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी जवळजवळ ३० टक्क्यांनी जास्त भासते आणि ५ फुटांवरून काढला तर हा फरक जवळपास उरतच नाही. म्हणजे तुमची लेक "ही मी नाही" म्हणते तेव्हा ती काही अगदीच चुकीचं बोलत नाहीये.

दुसरं म्हणजे आरसा. आपण स्वतःला आयुष्यभर उलटं बघतो, डावं उजवीकडे. १९७७ साली एक छान प्रयोग झाला होता, मुलींना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटा केलेला, तर त्यांना स्वतःला उलटा जास्त आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याची सवय ते बरं वाटतं, एवढंच.

आता फिल्टर. इथेही सवयच काम करते पण जरा वाईट पद्धतीने. २००३ मध्ये गिलियन रोड्स या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना थोडा वेळ मुद्दाम बिघडवलेले, म्हणजे आत दाबलेले किंवा बाहेर फुगवलेले चेहरे दाखवले आणि मग विचारलं की कुठला चेहरा नॉर्मल वाटतो, कुठला सुंदर वाटतो, तर दोन्ही उत्तरं त्या बिघडवलेल्या दिशेला सरकली होती. थोड्याशा वेळात हे होतं, तर तुमची मुलगी दिवसभर स्वतःचाच मोठ्या डोळ्यांचा, बारीक जबड्याचा, एकही छिद्र नसलेल्या त्वचेचा चेहरा बघते तेव्हा काय होत असेल बघा. वजनकाट्याचा शून्यच सरकवून ठेवल्यासारखं आहे हे. म्हणून तर "तू छान दिसतेस" चालत नाही, तिला कौतुक कमी पडलेलं नाहीये, तिचं मापच हललंय, आणि त्यात तुम्ही कौतुक केलं की तिला वाटतं आईला दिसतच नाही किंवा आई खोटं बोलतेय.

मग करायचं काय? फोन काढून घेऊ नका, त्यातून फक्त लपवालपवी शिकतील. तिचा फोटो दुसऱ्या कुणीतरी मागच्या कॅमेऱ्याने, पाच-सहा फुटांवरून, खिडकीच्या उजेडात काढू दे आणि तो सेल्फीशेजारी ठेवून तिलाच बघू दे. फोनचा ब्युटी मोड तपासा, काही फोनमध्ये तो आधीपासूनच चालू असतो आणि घरात कुणाला पत्ताच नसतो (गुगलने २०२० मध्ये आपल्या पिक्सेल फोनमध्ये तो मुद्दाम डिफॉल्ट बंद ठेवायला सुरुवात केली, आणि सेटिंगमधून 'ब्युटी' हा शब्दही काढून टाकला). तिला एकदा फिल्टरचा स्लायडर शून्यापासून शंभरपर्यंत हळूहळू सरकवायला सांगा, काय काय बदलतं ते तिनेच शोधायचं. मुलं यात आपल्यापेक्षा हुशार असतात, तुम्ही लेक्चर मात्र देऊ नका. आणि हो, आपण मोठी माणसं त्यांच्यासमोर "शी, मी किती जाड दिसतेय, हा फोटो टाकू नको" म्हणतो ना, ते आधी बंद करा, ते त्यांना बरोब्बर ऐकू जातं.

काळजी कधी करायची? तासन्‌तास आरशासमोर जात असतील, एकच अवयव डोक्यात बसला असेल, त्यापायी शाळा किंवा मैत्रिणींना भेटणं टळत असेल, किंवा ऑपरेशनचा विषय पुन्हा पुन्हा निघत असेल तर. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर (दिसण्यातला नसलेला किंवा किरकोळ दोष डोक्यातून जातच नाही तो आजार) नावाचा त्रास साधारण शंभरातल्या दोघांना असतो, तो किशोरवयातच सुरू होतो बहुतेकदा आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, कॉस्मेटिक सर्जनकडे नाही, कारण नाक बदलल्याने हा आजार सहसा जात नाही. सर्जनकडे रांग लागलेली आहेच तशी. अमेरिकेतल्या फेशियल प्लास्टिक सर्जनच्या संघटनेने २०१७ मध्ये सर्व्हे केला तेव्हा ५५ टक्के डॉक्टरांनी सांगितलं की सेल्फीत चांगलं दिसायचंय म्हणून ऑपरेशन मागणारे पेशंट त्यांच्याकडे आले होते.

प्रश्न : मी पोर्ट्रेट फोटोग्राफी नुकतीच सुरू केलीय. क्लायंट सांगतात पोट कमी कर, हनुवटी बारीक कर, मी करून देतो. पण एका बाईंनी फोटो बघून विचारलं, "माझा तीळ कुठे गेला?" मी न विचारता काढला होता. पिंपल काढलेला चालतो मग तीळ का नाही? रेषा नक्की कुठे आखायची?

या धंद्यात एक जुना नियम आहे, जे दोन आठवड्यांनी आपोआप जाणार आहे ते काढा, जे राहणार आहे त्याला मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका. पिंपल, ओरखडा, डोळ्यांची लाली, कपड्यावरचा धागा, उडालेला केस हे काढायला परवानगी मागायची गरज नाही. तीळ, व्रण, फ्रेकल्स (त्वचेवरचे बारीक तपकिरी ठिपके), पांढरे डाग, सुरकुत्या, नाकाचा आकार हे विचारून. तुमच्या त्या बाईंनी तो तीळ आयुष्यभर आरशात बघितलाय हो, कदाचित त्यांच्या आईलाही तिथेच होता. तुम्ही काढलात म्हणजे न बोलता त्यांना सांगितलंत की ही चूक आहे तुमच्या चेहऱ्यावरची.

पण हा नियम अर्धाच आहे, उरलेला अर्धा म्हणजे ठरवतंय कोण. स्वतःचा चेहरा, स्वतःसाठी फोटो, आणि माणूस स्वतः सांगतोय की हनुवटी बारीक कर, तर माझं मत विचाराल तर करा, फार उपदेश नको. घोळ होतो जेव्हा तिसराच कुणीतरी ठरवतो. अभिनेत्री केट विन्स्लेटचे पाय २००३ मध्ये जीक्यू मासिकाच्या ब्रिटिश अंकाच्या कव्हरवर बारीक केले होते, तिने जाहीर सांगितलं की मी अशी दिसत नाही आणि मला असं दिसायचंही नाही. २०१७ मध्ये ग्रेझिया मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीने अभिनेत्री लुपिता न्योंगोचे कुरळे केस कव्हरवरून चक्क पुसले आणि उरलेले सपाट केले. तिने स्वतः आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी टाकले तेव्हा मासिकाने माफी मागितली, फोटोग्राफरनेही मागितली. आता केस म्हणजे काही डाग नाही. पण बघा, असे बदल नेहमी एकाच दिशेने होतात, कुणाचे सरळ केस कुरळे केले, कुणाचा रंग गडद केला, कुणाला जाड केलं असं कितीदा ऐकलंय? एकटा फोटो फार नुकसान करत नाही, सगळे फोटो एकाच बाजूला ढकललेले असतात तेव्हा जो तिकडे बसत नाही तो स्वतःला बिघडलेला समजायला लागतो. माझा रिटचिंगवर आक्षेप आहे तो मुख्यतः इथे.

मग फोटो कशासाठी आहे तेही बघायचं. वस्तू विकायची असेल तर गोष्ट फारच वेगळी होते, सुरकुत्या कमी करणाऱ्या मेकअपच्या जाहिरातीतल्या सुरकुत्या कम्प्युटरवर पुसल्या तर ते सरळ मालाबद्दल खोटं बोलणं आहे. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने २०११ मध्ये ज्युलिया रॉबर्ट्सची लॅन्कोमची आणि क्रिस्टी टर्लिंग्टनची मेबलिनची अशा दोन जाहिराती याच कारणाने थांबवल्या, कारण दिसणारा परिणाम प्रॉडक्टचा किती आणि एडिटिंगचा किती हे कंपनीला पुरेसं दाखवता आलं नाही. आणि बातमीचा फोटो असेल तर कुणाला सुंदर केलं नाही तरीही चालत नाही. मार्च २०२४ मध्ये प्रिन्सेस ऑफ वेल्सचा मुलांबरोबरचा फोटो असोसिएटेड प्रेस, रॉयटर्स, एएफपी या सगळ्या वृत्तसंस्थांनी त्यात फेरफार दिसला म्हणून मागे घेतला होता, त्यातलं सगळ्यात ठळक काय तर मुलीच्या स्वेटरची बाही नीट जुळत नव्हती.

तुमच्यापुरतं सांगायचं तर शूटच्या आधीच विचारून घ्या, "कशाला हात लावू नको?" हा प्रश्न जरूर विचारा, लोक "काय काढू" एवढंच विचारतात. ओरिजिनल फाइल जपून ठेवा. त्वचा गुळगुळीत करायच्या नादात फ्रिक्वेन्सी सेपरेशन (त्वचेचा रंग आणि बारीक पोत वेगळे करून दुरुस्त करायची पद्धत) इतकं चढवू नका की छिद्रंच नाहीशी होतील, छिद्रं नसलेली माणसं नसतात. लहान मुलांच्या चेहऱ्याला लिक्विफाय (आकार ओढून-ढकलून बदलायचं फोटोशॉपचं टूल) अजिबात नाही, आईबापांनी सांगितलं तरी नाही. आणि "पोट कमी कर" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा प्रॉब्लेम पोट नसतोच, तुम्ही जवळून वाइड लेन्सने काढलेलं असतं. मागे सरका, लांब लेन्स लावा, खांदे थोडे वळवा, मान पुढे काढायला सांगा, मग बघा किती जण लिक्विफाय मागतात ते.

प्रश्न : रिटच केलेल्या प्रत्येक फोटोवर तसं लिहायची कायद्याने सक्ती केली तर हा विषयच संपेल ना?

काही देशांनी केलीय की. इस्रायलमध्ये २०१३ पासून, फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून (न लिहिल्यास ३७,५०० युरोपर्यंत दंड किंवा जाहिरातीच्या खर्चाच्या ३० टक्के), आणि नॉर्वेमध्ये जुलै २०२२ पासून, तिथे पैसे घेऊन पोस्ट टाकणारे इन्फ्लुएन्सरही त्यात येतात. फ्रान्सचा हा २०१७ चा कायदा शरीर बारीक किंवा जाड दाखवण्यापुरताच आहे, त्वचा आणि केस त्यात नाहीत, म्हणजे वर सांगितलेला लुपिताचा प्रकार झाला तर त्यावर लेबल लागणार नाही.

आणि लेबल वाचून बघणाऱ्याला बरं वाटतं का, तर बहुतेक नाही. ऑस्ट्रेलियात मारिका टिगमन या संशोधिकेने यावर बरेच प्रयोग केलेत, लेबल लावल्याने बायकांचं स्वतःच्या शरीराबद्दलचं असमाधान कमी झालं नाही, आणि नेमकं काय बदललंय हे लिहिलं तर ज्यांना मुळातच तुलना करायची सवय होती त्यांना उलट जास्त त्रास झाला. साहजिक आहे, मांड्या बारीक केल्यात असं लिहिलं की नजर आधी मांड्यांवरच जाणार. तुलना डोळे करून मोकळे होतात, अक्षरं नंतर वाचली जातात.

तरी मी अशा कायद्याच्या बाजूने आहे, फक्त वेगळ्या कारणासाठी. ते लेबल बघणाऱ्यांपेक्षा बनवणाऱ्यांना जास्त टोचतं. आपल्या महागड्या जाहिरातीवर 'रिटच केलेला फोटो' छापायला कुठल्या ब्रँडला आवडेल? फ्रान्सचा कायदा ज्या दिवशी लागू झाला त्याच दिवसापासून गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीने मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलेले फोटो विकायला घेणंच बंद केलं, आणि ते फक्त फ्रान्सपुरतं नव्हतं. म्हणून सक्ती असू दे, पण लेबल लागलं म्हणजे आपल्या मुलींचं मन शांत होईल या भ्रमात राहू नका.

प्रश्न : आमच्या तरुणपणीही फोटोवर ब्रश फिरवायचेच. मग आत्ताच एवढी ओरड कशाला?

खरंय काका, १९व्या शतकातच निगेटिव्हवर हात फिरवणं सुरू झालं होतं. १९३०च्या दशकात हॉलिवूडमध्ये जॉर्ज हरेल या फोटोग्राफरने काढलेल्या फोटोंत जोन क्रॉफर्ड या नटीच्या चेहऱ्यावरचे सगळे फ्रेकल्स निगेटिव्हवर पेन्सिलीने घासून घालवलेले आहेत. १९८९ मध्ये टीव्ही गाइड या अमेरिकन मासिकाने तर कव्हरवर ओप्रा विन्फ्रीचं डोकं अ‍ॅन-मार्गरेट या नटीच्या धडावर लावलं होतं, दोघींनाही न विचारता, आणि तेव्हा फोटोशॉप बाजारात यायचं होतं, ते आलं १९९० मध्ये.

पण तेव्हा त्या कामाला कुशल माणूस लागायचा, वेळ लागायचा, म्हणून ते मोजक्या नट-नट्यांपुरतंच राहिलं आणि त्या काही आपल्या शेजारी राहत नव्हत्या. आता वर्गातल्या प्रत्येक मुलीचा फोटो तसा आहे, आणि सगळ्यात अवघड म्हणजे तुलना स्वतःच्याच सुधारलेल्या चेहऱ्याशी होते. नटीसारखी दिसत नाही याचं एवढं वाईट वाटत नाही हो कुणाला. त्यात २०२३ मध्ये टिकटॉकवर 'बोल्ड ग्लॅमर' नावाचा फिल्टर आला, तो चालत्या व्हिडिओत चेहऱ्यासमोरून हात फिरवला तरी निसटत नाही, म्हणजे पूर्वी फिल्टर ओळखायची जी एक सोपी खूण होती तीही गेली. २०२४ च्या शेवटी टिकटॉकनेच १८ च्या खालच्या मुलांसाठी असे काही इफेक्ट बंद करणार म्हणून सांगितलं, आता मुलं वय खरं टाकतील तर.

प्रश्न : नोकरीच्या प्रोफाइलसाठी फोटो लावायचाय. किती एडिट केलं तर चालेल?

मुलाखतीला दारात उभे राहाल तेव्हा समोरच्याने न अडखळता ओळखलं पाहिजे, एवढं. उजेड, रंग, मागचा पसारा, कॉलरवरचा धागा, कालचा पिंपल हे बिनधास्त नीट करा, जबडा-डोळे-रंग नको, आणि फोटो सहा वर्षांपूर्वीचा नको, त्यापेक्षा मोठं रिटचिंग कुठलंच नाही. पासपोर्ट किंवा व्हिसासाठी वापरणार असाल तर यातलंही काही करू नका, जसा आलाय तसाच द्या, नाहीतर अर्ज परत येऊ शकतो.